अँटीफाउलिंग पेंटला ‘दूषणरोधक रंग’ म्हणायचं का?

बोटींच्या रंगांचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय, त्यात सारखं अँटीफाउलिंग येतंय. मी ‘दूषणरोधक’ लिहिलंय पण खटकतंय, वाचणाऱ्याला वाटेल हा रंग लावला की समुद्र स्वच्छ राहतो. दुसरा शब्द आहे का?

---

ताई, दूषणरोधक नकोच. जहाजावर इंजिनरूममध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, फाउलिंग म्हणजे घाण नाही, ती जिवंत वाढ आहे. बोट पाण्यात गेली की आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नेकलची (कडक कवचाचे, चिकटून राहणारे छोटे समुद्री जीव) पिल्लं येतात, जागा चाचपून बघतात आणि डोकं टेकवून कायमची चिकटतात. ड्रायडॉकमध्ये खरवडलं तरी पत्र्यावर पांढरी गोल चकती राहतेच, नखाने हलत नाही. बूड असं खरखरीत झालं की तोच स्पीड ठेवायला जास्त तेल जाळावं लागतं.

आणि दूषण म्हणाल तर ते या रंगांनीच केलं. ट्रायब्यूटिल टिन या कथलाच्या विषारी संयुगाच्या रंगांमुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, शेवटी २००१ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून लागू झाला. त्या रंगाला दूषणरोधक म्हणणार?

मी ‘पुट’ घेईन. गंजाचं पुट चढतं तसं जिवांचं, म्हणून जीवपुट, आणि रंग जीवपुटरोधक.

---

दादा, शब्द आवडला, पण रंगाचंही पुटच असतं ना, ‘जीवपुटरोधक रंगाची दोन पुटं’ फार विचित्र वाटतंय. ‘शेवाळ धरलं’ म्हणतो तसं धरण्यावरून काही?

---

मग रंगाचे ‘हात’ म्हणा, पेंटर तेच म्हणतो, दोन हात मारले. धरणं चांगलं आहे पण त्याचं नाम बनवायला गेलं की धरण होतं 🙂 आणि शब्द नुसता बोटीपुरता नको. कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात समुद्राचं पाणी आणणाऱ्या बोगद्यात हिरवे शिणाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) वाढतात, तिथे क्लोरीन सोडतात. जीवपुट तिथेही चालतं. फक्त सिलिकॉनच्या रंगाला ‘रोधक’ लावू नका, त्यात विष नसतं, तो गुळगुळीत असतो, जीव बसतात पण पक्की पकड मिळत नाही आणि जहाज वेगात निघालं की सुटून पडतात.

---

हे फार कामाचं. मग तांबं मिसळलेल्या विषारी रंगाला ‘जीवपुटरोधक’ आणि सिलिकॉनवाल्याला ‘जीवपुट सोडवणारा रंग’ असं लिहिते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून’ एवढं जोडते.