एकाच नटाचे जुळे भाऊ: सिटकॉममधला डबल रोल एका कॅमेऱ्यावर कसा घ्यायचा?

दुसरी_बेल

बावीस मिनिटांच्या सिटकॉमचा एक भाग आहे. नायकाचा जुळा भाऊ न कळवता घरी येऊन टपकतो आणि दिवसभर सगळ्यांचा गोंधळ उडतो. दोन्ही भूमिका एकाच नटाकडे. हाताशी एक कॅमेरा, बऱ्यापैकी ट्रायपॉड, एक दिवाणखाना आणि शूटिंगचे दोन दिवस. दोन टेक घेऊन संकलनात मास्क लावून (म्हणजे प्रत्येक टेकचा नको तो भाग झाकून) जोडायचे, इथवर माहिती आहे. पण चाचणीच्या शॉटमध्ये जोड कळतो: डावी बाजू किंचित उजळ दिसते, आणि दोघे एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. विनोद तर पार थंड पडतो.

दोघं एका फ्रेममध्ये असलेले शॉट किती ठेवावेत? आधी कोणता भाऊ घ्यावा? आणि ज्या मालिका प्रेक्षकांना बसवून शूट होतात, तिथे हे कसं जमवतात? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

लेन्सकॅप

एक बाजू उजळ येण्याची कारणं दोनच. एकतर कॅमेऱ्यात काहीतरी ऑटोवर राहिलंय, नाहीतर खिडकीतून ऊन येतंय. आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर, फोकस हे सगळं मॅन्युअल हवं. व्हाइट बॅलन्स केल्विनच्या आकड्यावर बांधा, 'ऑटो' तर नकोच. झूम लेन्स असेल तर झूम आणि फोकस, दोन्ही रिंगांवर चिकटपट्टी लावा. बहुतेकांकडून सुटते ती गोष्ट म्हणजे स्टॅबिलायझेशन. बॉडीतलं आणि लेन्समधलं, दोन्ही बंद करा. ट्रायपॉडवरसुद्धा ते फ्रेम सूक्ष्मपणे सरकवत राहतं आणि मग दोन टेक एकमेकांवर बसता बसत नाहीत.

खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाका आणि उजेड दिव्यांचाच ठेवा. मेकअप बदलायला पाऊण तास गेला तर तेवढ्यात ऊन भिंतीवर चांगलंच सरकलेलं असतं. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे २५ फ्रेम आणि शटर १/५०, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०. नाहीतर स्वस्त एलईडी दिवे लुकलुकतात आणि प्रत्येक टेकमध्ये वेगळे लुकलुकतात.

ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला वजन लटकवा, तिन्ही पायांभोवती जमिनीवर खुणा करा आणि पहिला टेक सुरू झाल्यापासून रिकामी फ्रेम घेऊन होईपर्यंत कॅमेऱ्याला कुणीही हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग रिमोटने किंवा फोनवरून सुरू करा. बॅटरी तळातून बदलावी लागत असेल तर कॅमेरा मेन्सवर चालवा. बॅटरीसाठी ट्रायपॉडची प्लेट काढली की तो शॉट संपलाच म्हणायचा. रिकाम्या खोलीचं ३० सेकंदांचं चित्रण प्रत्येक लॉक शॉटनंतर (कॅमेरा जराही न हलवता घेतलेल्या, दोघांना जोडायच्या शॉटनंतर) न चुकता घ्या.

जोड कुठून जाणार हे शूटिंगच्या आधी ठरवा. दाराची चौकट, कपाटाची कड, पडद्याची उभी घडी या जागा उत्तम. कठीण कडेवर मास्कचं फेदर (कडेचा मऊपणा) एक-दोन पिक्सेल पुरतं, साध्या भिंतीवर वीसच्या आसपास ठेवा. जोड सरळ रेषेतच हवा असं काही नाही. एखाद्याचा हात रेषा ओलांडत असेल तर तेवढ्या फ्रेमपुरता मास्क वाकवता येतो.

सगळ्यात जास्त घात सावली करते. डाव्या भावाची सावली उजव्या अर्ध्यात पडत असेल तर जोडावर ती कापली जाते. दिवे असे लावा की प्रत्येकाची सावली फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला जाईल, आणि कटर (उजेड अडवणारा फलक) लावून मधल्या भिंतीवर स्वच्छ पट्टा राखा. काचेचं टेबल, टीव्हीचा पडदा आणि चालू पंखा यांना फ्रेमबाहेर काढा. घड्याळ तर नकोच, टेकमधला वेळ ते सगळ्यांना सांगतं.

विंगेतून

कॅमेऱ्याचं वर आलंच आहे. पण दोघं बोलतायत असं वाटत नाही, हा दोष लूकचा, म्हणजे नजरेच्या दिशेचा आहे.

समोर कुणी नसलं की माणसाची नजर मागच्या भिंतीवर जाऊन टेकते. दीड मीटरवरच्या माणसाकडे बघताना डोळे थोडे आत वळतात, भिंतीकडे बघताना तितके वळत नाहीत. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण दिसतं. म्हणून दुसरा भाऊ जिथे असेल त्याच अंतरावर आणि त्याच उंचीवर काहीतरी खरं ठेवा. सर्वांत उत्तम म्हणजे जिवंत माणूस, उंचीला आणि खांद्याला जुळणारा डबल. तो बसला तर लूक खाली, उभा राहिला तर वर, हे आपोआप सांभाळलं जातं. डबल नसेल तर स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीची फुली, आणि भाऊ चालत असेल तर फुली धरून कुणीतरी त्याच वेगाने चालायचं.

डबल म्हणून ज्याला सगळे संवाद पाठ आहेत असा नट घ्या. कागद बघून वाचणारा माणूस क्यू उशिरा देतो आणि विनोद तिथेच मरतो.

वेगळेपणाबद्दल. जुळे भाऊ लांबच्या शॉटमध्येही अर्ध्या सेकंदात ओळखू यायला हवेत, म्हणजे फरक आकृतीत हवा: खांदे, चाल, कॉलर, केसांचा भांग. बारीक तीळ किंवा अंगठी क्लोजअपपुरती ठीक. आवाज बदलायचा तर पट्टीपेक्षा वेग बदला. एक भाऊ वाक्य तोडून बोलणारा, दुसरा एका दमात. ओढूनताणून काढलेला आवाज दुसऱ्या दिवशी तसाच लागत नाही. आणि एक भाऊ दुसऱ्याचं सोंग घेतो असा प्रसंग असेल (सिटकॉममध्ये तो येतोच), तर सोंगातून मूळ भावाची एकच सवय गळू द्या आणि ती सवय पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांना दाखवून ठेवा. सवय ठाऊक नसेल तर प्रेक्षक हसत नाहीत, गोंधळतात.

खोटी मिशी लावणार असाल तर त्या दिवशी बिनमिशीचा भाऊ आधी शूट करा. गोंद काढला की वरचा ओठ लाल होतो आणि ती लाली मेकअपखालीही दिसते. नटाची दाढी खरी असेल आणि एक भाऊ गुळगुळीत हवा असेल तर मात्र गणित उलटं. दाढी शूटिंगमध्ये एकदाच काढता येते, म्हणून दोघांचा एकत्र शॉट त्याच मधल्या टप्प्यावर ठेवावा लागतो आणि असा शॉट एकच मिळतो. त्यापेक्षा भांग आणि चष्म्यावर भागवा. चष्म्याच्या काचा काढून फक्त फ्रेम द्या, म्हणजे दिव्यांची प्रतिबिंबं येणार नाहीत.

टेक आडवा पलटून दुसरा भाऊ बनवण्याचा मोह टाळा. शर्टाची बटणपट्टी, मनगटावरचं घड्याळ आणि मागच्या भिंतीवरची अक्षरं, सगळं उलटं होतं.

कात्री

संख्येचं विचारलंत. बावीस मिनिटांच्या भागात दोघांचे चेहरे एकत्र दिसणारे शॉट तीन, फार तर चार. बाकी सगळं सजेशनवर काढा: डबलचा खांदा आणि डोक्याची मागची बाजू पुढे, नटाचा चेहरा समोर. मग बाजू बदलून तेच. प्रसंगाच्या सुरुवातीला एक लॉक शॉट दाखवला की दोघं खोलीत आहेत हे प्रेक्षकाने मान्य केलं. त्यानंतर तो पाठमोऱ्या डोक्यावरही विश्वास ठेवतो. उरलेले एक-दोन लॉक शॉट सर्वांत मोठ्या हशाच्या जागी राखून ठेवा. सहा-सात केलेत तर वेळ सगळा कॅमेरा राखण्यात जाईल आणि अभिनयाकडे कुणाचं लक्ष राहणार नाही. सजेशनमध्ये डबलचा कान आणि मानेवरचे केस तेवढे तपासा, खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

क्रम असा. ज्याच्या हातात प्रसंगाची लय आहे तो भाऊ आधी. म्हणजे जो आत येतो, प्रश्न विचारतो, टोमणे मारतो तो. पहिल्या पासचे (एका भावाच्या फेरीचे) हवे तितके टेक घ्या, पण पुढे जाण्याआधी सेटवरच एक टेक निवडा आणि लिहून ठेवा. दुसरा पास त्याच टेकला बांधलेला असतो. निवड संकलनावर सोडली तर दुसऱ्या पासचे पॉज कुठल्याच टेकशी जुळत नाहीत. पहिल्या पासमध्ये नट एकीकडे, डबल दुसरीकडे. मग कपडे, केस बदलून अदलाबदल. शेवटी रिकामी खोली. २०१३ ते २०१७ या काळात आलेल्या 'ऑर्फन ब्लॅक'मध्ये अनेक भूमिका एकटीने करणाऱ्या तातियाना मास्लानीसोबत हीच पद्धत होती, फक्त तिथे कॅमेरा फिरायचा म्हणून त्याची हालचाल जशीच्या तशी पुन्हा करणारी यांत्रिक क्रेन वापरली. ती मालिका विनोदी नव्हे, पण या कामाचा तो उत्तम पाठ आहे.

तुम्हाला फिरता कॅमेरा हवासा वाटला तर फोर-केमध्ये शूट करून साध्या एचडीमध्ये द्या. जोड झाल्यावर आडवं सरकणं किंवा दुपटीपर्यंत झूम संकलनात करता येतं. स्तब्ध फ्रेम हाच डबल रोलचा सर्वांत जुना पुरावा आहे, एवढ्याशा हालचालीने तो पुसला जातो.

जुनं_प्रक्षेपण

प्रेक्षकांसमोरच्या मालिकांचं उत्तर साधं आहे: असे शॉट प्रेक्षकांसमोर घेत नाहीत. तिथे तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालतात आणि प्रसंग नाटकासारखा सलग होतो. एकच नट एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून तो प्रसंग आधी शूट करून जोडतात, बसलेल्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवतात आणि त्यांचा हशा तेव्हा ध्वनिमुद्रित करतात. तुम्हाला हशा लावायचा असेल तर हे लक्षात ठेवा: हशासाठीची जागा पहिल्या पासमध्येच सुटलेली असली पाहिजे, नंतर ताणता येत नाही. त्या रिकाम्या दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या भावाचा चेहराही जिवंत हवा.

डबल रोल असलेल्या सिटकॉमनी लिखाणात काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९६३ ते १९६६ चाललेल्या 'द पॅटी ड्यूक शो'मध्ये दोघी एकसारख्या दिसणाऱ्या चुलत बहिणी होत्या. वडील एकमेकांचे जुळे भाऊ, हे कारण. दोन्ही मुली पॅटी ड्यूकने केल्या आणि पाठमोरी डबल ठरलेली होती. रोजचा डबल रोल असल्यामुळे फरक केसांच्या वळणातून आणि वागण्यातून चटकन कळेल असा ठेवला होता. 'बिविच्ड'मध्ये एलिझाबेथ माँटगोमेरीने नायिका समँथासोबत तिची काळ्या केसांची चुलत बहीण सेरेनाही केली आणि श्रेयनामावलीत तिच्यासाठी 'पँडोरा स्पॉक्स' असं नाव दिलं. 'फ्रेंड्स'मध्ये १९९६ साली रॉससारखा हुबेहूब दिसणारा 'रस' नावाचा माणूस आला, तोही डेव्हिड श्विमरच, पण नामावलीत 'स्नारो'. वेगळं नाव देण्याची ही परंपरा बघणाऱ्यालाही खेळात घेते. तुम्हीही करा, खर्च शून्य.

'फ्रेंड्स'मधल्याच फीबीची जुळी बहीण अर्सुला मात्र गरजेतून आली. फीबी करणारी लिसा कुड्रो 'मॅड अबाउट यू' या मालिकेत अर्सुला नावाची वेट्रेस आधीच करत होती, आणि दोन्ही मालिका एकाच वाहिनीवर. तोच चेहरा दोन नावांनी दिसणार म्हणून दोघींना जुळ्या बहिणी करून टाकलं. डबल म्हणून कुड्रोच्या सख्ख्या बहिणीने काम केलं. तुमच्या नटाला भाऊ असेल तर आधी त्याला विचारा. खांदे आणि मान घरातच जुळतात.

आणि डबल रोल झेपणारच नसेल तर 'साइनफेल्ड'च्या १९९६ च्या भागासारखा मार्ग आहे. तिथे जेरीच्या मित्रमंडळींच्या प्रतिकृती म्हणून सरळ वेगळे नट घेतले, फक्त ठेवण आणि जागा जुळवली.

दुसरी_बेल

फार उपयोगी. दोन अडचणी राहतात. एका प्रसंगात दोघे एकाच सोफ्यावर बसतात आणि एक दुसऱ्याच्या हातात कप देतो. आणि भांडणात दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हे दोन्ही टाळू का?

लेन्सकॅप

सोफा शक्यतो टाळा, दोन वेगळ्या खुर्च्या द्या. एका टोकाला माणूस बसला की गादी दबते, दुसऱ्या टोकाची कड उचलली जाते आणि मधली शिवण सरकते. जोड नेमका तिथेच असतो. सोफाच हवा असेल तर प्रत्येक पासमध्ये डबल दुसऱ्या टोकाला बसलेला हवा, म्हणजे गादी सारखीच दबेल. दोघांनी प्रसंगात उठायचं नाही आणि मागे टेकायचं नाही. उश्या काढून ठेवा.

कप लॉक शॉटमध्ये रेषेपलीकडे देऊ नका. एक भाऊ कप पुढे करतो इथवर लॉक शॉट, मग हातांचा क्लोजअप: एक हात नटाचा, दुसरा डबलचा, बाह्या जुळलेल्या. मग घेणाऱ्याचं सजेशन. तीन तुकडे, मास्क एकही नाही. डबलच्या हातावर केस आणि नखं नटासारखी आहेत ना ते बघा. कपातला चहा किती उरला आहे तेही कंटिन्युइटीच्या वहीत लिहा.

बूम

एकमेकांवर बोलणं टाळू नका, जुळ्यांच्या भांडणात तीच गंमत आहे. फक्त ध्वनी नीट सांभाळा.

अडचण अशी: पहिल्या पासमध्ये डबल मोठ्याने बोलला तर त्याचा आवाज नटाच्या माइकमध्ये शिरतो आणि नंतर काढता येत नाही. एकापाठोपाठ एक संवाद असतील तिथे चालतं, कारण डबलचा भाग कापता येतो. पण वाक्यं एकमेकांवर चढतात तेवढ्या जागी डबलने फक्त ओठ हलवायचे. दुसऱ्या पासमध्ये निवडलेल्या टेकचा आवाज नटाच्या कानातल्या छोट्या इअरपीसमध्ये सोडा, कॅमेऱ्यापासून लांबच्या कानात. सुरुवातीला तीन बीप आणि चौथ्या ठोक्यावर पहिला शब्द, असा ट्रॅक तयार ठेवला की दोन्ही पास एकाच फ्रेमवर सुरू होतात. आवाज इतकाच ठेवा की माइकमध्ये झिरपणार नाही. कानावर बसणारा उघडा हेडफोन वापरला तर हमखास झिरपतो.

इअरपीस कानात असताना नट नकळत मोठ्याने बोलतो, विशेषतः भांडणात. त्याच्या पातळीकडे लक्ष ठेवा, आणि तालमीत एकदा पूर्ण प्रसंग इअरपीस लावून करून घ्या. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर लावला तर तो ऐकण्यात गुंततो आणि चेहरा गोठतो.

भांडण संपताच, कपडे बदलण्याआधी, त्याच जागी त्याच माइकवर चढलेली वाक्यं सुटी बोलून घ्या. खोलीची शांतता प्रत्येक पासनंतर मिनिटभर वेगळी ध्वनिमुद्रित करा. पहिल्या पासला शेजारी फ्रिज चालू होता आणि दुसऱ्याला बंद, असं झालं तर चित्रातला जोड कितीही सफाईदार असला तरी प्रत्येक वाक्यागणिक खोली बदलल्यासारखी ऐकू येते. फ्रिजचा प्लग काढा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा लावायचा राहणार नाही.