'अकिरा' पुन्हा का पाहायचा नाही?

रात्रपाळी:
परवा 'साखळीपूल' यांनी लिहिलं की तरुणपणी आवडलेले जपानी सायफाय ॲनिमेशन सिनेमे पुन्हा पाहूच नयेत. त्यांच्या मते 'अकिरा'त आता नुसती चित्रं उरलीत, गोष्ट पोकळ आहे. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

हॉस्टेलात १४ इंची मॉनिटरवर पाहिला तेव्हा मी बाइकवाल्या टोळीचा म्होरक्या कानेदाच्या बाजूने होतो. लाल जॅकेट, लाल बाइक, विषय संपला. गेल्या आठवड्यात पुन्हा लावला आणि कानेदाच्या सावलीत वाढलेला त्याचा मित्र तेत्सुओ, त्याच्यावरून नजर हलेना. कानेदा त्याला सुनावतो, ही बाइक तुला झेपायची नाही. मी घरात धाकटा. थोरल्याची सायकल, थोरल्याची पुस्तकं, थोरल्याच्या मार्कांशी तुलना. विशीत हे दिसलंच नव्हतं. गोष्ट पोकळ असती तर चाळिशीत एवढी लागली असती का?

साखळीपूल:
लागली ती तुमची गोष्ट, दिग्दर्शक ओतोमोची नव्हे. त्याचाच मूळ मंगा, म्हणजे चित्रकथा, १९८२ ला सुरू झाला, १९९० ला संपला. सिनेमा आला १९८८ ला. मूळ कथा अर्धवट असतानाच शेवट उरकला, आणि शेवटच्या स्टेडियमच्या प्रसंगात ते जाणवतं. पुन्हा पाहायचाच तर दिग्दर्शक ओशीचा 'घोस्ट इन द शेल' पाहा. मी त्याची २.० आवृत्ती पाहतो, प्रिंट स्वच्छ आहे.

कागदी_बोट:
२.०?! अहो, ती स्वच्छ प्रिंट नाही, १९९५ च्या सिनेमाची २००८ साली केलेली मोडतोड आहे. नायिका मोतोको इमारतीवरून झेप घेते ते सुरुवातीचं दृश्य काढून तिथे संगणकावरची बाहुली बसवली. हिरवट-निळं शहर नारिंगी केलं. पपेट मास्टर नावाच्या हॅकरचा पुरुषी आवाज जाऊन बाईचा आला. आजीच्या पैठणीला नवी चकचकीत जर चिकटवावी तसं झालंय ते.

थ्रीडीवाली:
'संगणकावरची बाहुली' मागे घ्या. अकरा वर्षं मी हेच काम करतेय. एका प्रोजेक्टला केसांची एक बट नीट हलावी म्हणून तीन आठवडे पहाटे चारला घरी यायचे, आणि श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. शिवाय १९९५ च्या सिनेमातही संगणक आहेच. ते हिरवे नकाशे, माणूस अदृश्य होताना मागचं चित्र लहरतं ते, सगळं डिजिटल. ते चाललं तुम्हाला?

कागदी_बोट:
चाललं, कारण ते चित्रात मुरलेलं होतं. वरून थापलेलं नव्हतं. तुमच्या मेहनतीबद्दल मी काही बोललोच नाही.

थ्रीडीवाली:
बोललात. बाहुली म्हणालात.

कागदी_बोट:
बरं, शब्द चुकला. मत तेच.

साखळीपूल:
धागा 'अकिरा'वर आहे ना? माझ्या मुद्द्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

रात्रपाळी:
लावतो. 'नुसती चित्रं' म्हणालात तुम्ही. १,६०,००० च्या वर सेल, म्हणजे हाताने रंगवलेली पारदर्शक चित्रं, आहेत त्या सिनेमात. संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि मग त्यावर ओठ काढले. रात्री टोळीच्या बाइक्स वळतात तेव्हा मागच्या दिव्याची लाल रेघ बाइक निघून गेल्यावरही हवेत राहते, मग विझते. ती पोरं किती वेगाने आणि कशी बेफिकीर जगताहेत ते त्या रेघेत आहे. त्यासाठी वेगळी गोष्ट सांगावी लागत नाही.

थ्रीडीवाली:
ती रेघ मी फ्रेम थांबवून थांबवून पाहिलीये. आमच्याकडे नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी तेच दाखवते. २.० दाखवत नाही, कारण त्यातल्या मोतोकोला वजन नाही; ती पडत नाही, नुसती खाली सरकते. पण तो दोष संगणकाचा नाही, कागदी_बोट. वजन संगणकावरही आणता येतं. वेळ मिळाला तर.

कागदी_बोट:
हे मात्र पटलं.

साखळीपूल:
रेघेचं मान्य. शनिवारी लावतो पुन्हा. स्टेडियमबद्दलचं मत मागे घेत नाही. आणि मी घरात थोरला आहे, हे आधी सांगायला हवं होतं.