होम थिएटरच्या सिलिंगला ८ स्पॉटलाइटची भोकं: आवाज वर जाऊ नये म्हणून काय करावं?

घोडबंदरकर:
मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, १५ बाय १२ फुटांची खोली. स्लॅबपासून ८ इंच खाली फॉल्स सिलिंग: रबर हँगर, जीआय सेक्शन (लोखंडी पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा), वर ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), खाली १२.५ मिमी जिप्समचे दोन थर. सेक्शन लागलेत, बोर्ड अजून चढायचे आहेत. ड्रॉइंगमध्ये ३ इंची कटआउटचे, ७ वॅटचे ८ स्पॉट आहेत. वर नेमकी बेडरूम आहे. भोकांभोवती पीयू फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फोम) मारला की झालं, असं काँट्रॅक्टर म्हणतो. पुरेल का? स्प्रिंकलरची (आग लागल्यास पाणी फवारणारी) २ तोंडंही खाली येतात.

सुतारपेटी:
फोम अजिबात नको. आवाज अडतो तो वजनाने आणि हवाबंदपणाने. फोम हलका असतो, शिवाय दिव्याची उष्णता कोंडतो आणि जळतो.

हिशोब बघा. ७५ मिमीची ८ भोकं म्हणजे ०.०३५ चौरस मीटर. सिलिंग १६.७ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ०.२ टक्के. तरी तेवढा भाग उघडा असला तर बोर्डाचे चार थर लावले तरी सिलिंग एकट्याच्या जिवावर २७ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. वर स्लॅब आहे म्हणून सगळंच पाण्यात जात नाही, पण सिलिंगवर केलेल्या खर्चाचा मोठा वाटा त्या भोकांतून निघून जातो. स्पॉटची पातळ बॉडी त्यात फारसं काही अडवत नाही.

प्रत्येक स्पॉटवर त्याच जिप्समची दोन थरांची पेटी बसवा, आतून १२ बाय १२ इंच, उंची ४ इंच. तुमच्या पोकळीत पेटीच्या वर साधारण २ इंच उरतील. पेटी स्लॅबला टेकता कामा नये. एक पेटी सव्वाचार किलोच्या आसपास भरते, आठांचे ३५ किलो. हे वजन नुसत्या बोर्डवर टाकू नका. दोन सेक्शनमध्ये आडवे तुकडे मारून त्यावर पेटी बसवा आणि तिथे हँगर वाढवा. बोर्ड चढल्यावर हे जमणार नाही, म्हणजे आत्ताच. सांध्यांना अकूस्टिक सीलंट (लवचिक राहणारं, फटी बुजवायचं मटेरियल) भरा, कारण वॉल पुट्टी काही महिन्यांत तडकते आणि फट पुन्हा उघडते. वायरला एकच भोक, तेही आतून-बाहेरून सीलंटने बंद.

आणि स्पॉट घेण्याआधी बोर्डाचे दोन तुकडे जोडून ३ इंची होलसॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) भोक पाडा, तो २५ मिमीचा तुकडा दुकानात न्या. स्वस्त फिटिंगच्या स्प्रिंग क्लिप पातळ बोर्डसाठी असतात. २५ मिमीत त्या पुरत्या उघडत नाहीत आणि स्पॉट लोंबत राहतो.

खारघर_बास:
पेट्या बरोबर आहेत, पण माझं मत स्पष्ट आहे: मुख्य सिलिंगला भोकच पाडू नका. ते पूर्ण बंद करून घ्या आणि त्याच्या खाली भिंतीलगत १४ इंच रुंद, ५ इंच खोल प्लायची बॉर्डर काढा. स्पॉट त्यात बसवा. त्या भोकांतून आवाज गेला तरी खोलीतच राहतो. वायर भिंतीतून आणा. उंची फक्त कडेने कमी होते.

बॉर्डर आतून रिकामी ठेवू नका, ढोलासारखी घुमते. रॉकवूल भरा, दिव्याभोवती ३ इंच मोकळे सोडा. प्रत्येक स्पॉटच्या रिंगखाली २ मिमी फेल्ट (नमद्याची पट्टी) लावा, मग २० ते १२० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सलग स्वर) वाजवा. जो स्पॉट खडखडेल त्याच्या रिंगवर बोट दाबा. आवाज थांबला तर क्लिप सैल आहे.

सबवूफरचा बास मात्र कॉलम आणि भिंतींतून वर चढतो. दिव्यांचं काहीही केलं तरी तो थांबणार नाही, त्याची सोय वेगळी करावी लागेल.

पाइपलाइन:
स्प्रिंकलरचं आधी मिटवा. तोंडाची उंची बदलायची तर सोसायटीच्या फायर काँट्रॅक्टरकडूनच, आणि त्यावर रंगाचा थेंबही नको. पाइप आणि बोर्ड यांत ६ मिमी फट ठेवा. कडक पाइप बोर्डला भिडला की कंप सरळ स्लॅबपर्यंत जातो. फटीत बॅकर रॉड (फोमची मऊ दोरी), वरून सीलंट. बॉर्डर काढणार असाल तर पाण्याच्या फवाऱ्याच्या आड येत नाही ना, हे त्याच काँट्रॅक्टरला विचारा.

वरच्या बेडरूमला बाथरूम असेल तर बोर्ड चढवण्याआधी तिथे ४८ तास पाणी साठवून बघा. ओलं रॉकवूल सगळं उतरवावं लागतं.

घोडबंदरकर:
बॉर्डरच करतो. स्पॉटचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) पॅसेजमधल्या कपाटात ठेवले तर? ७ मीटर वायर होईल.

सुतारपेटी:
उत्तम, ड्रायव्हरची गुणगुणही खोलीबाहेर जाईल. ०.७५ चौरस मिमी वायर पुरते. प्रत्येक स्पॉटची जोडी वेगळी ओढा आणि दोन्ही टोकांना नंबर लावा. ड्रायव्हर चालू असताना स्पॉट जोडू नका. कॉन्स्टंट करंट (ठरावीक करंट देणारा) ड्रायव्हर स्पॉट न जोडता मोकळा चालला की व्होल्टेज चढतं आणि जोडताक्षणी एलईडी उडतो.