डोंगरात गेल्यावर देव जवळ वाटतो, तुम्हालाबी?

परवा माहूरला गेलो, रेणुकामातेचं दर्शन झालं पण गर्दीत ढकलाढकलीच जास्त, मग दत्तशिखराकडं पायी निघालो न् मधात एका दगडावर बसलो, खाली सगळं सागाचं जंगल, वाऱ्याशिवाय आवाज नाही, अन् डोळ्यात पाणीच आलं राव. गाभाऱ्यात असं कधी झालं नव्हतं. कुणाला अनुभव?

कन्नडकर: हो ना. अंतूरच्या किल्ल्यावर आपलं असंच होतं. पावसाळ्यात धुकं असलं की फोनला रेंज नसते, तेच बरं. पण खरं सांगू का, निम्मं श्रेय दम लागून डोकं रिकामं होण्याला द्या.

नास्तिक_पण_चढतो: देव बिव माहीत नाही, शांत वाटतं एवढं नक्की.

आजोबा६७: यात नवीन काही नाही बाबांनो. एकनाथ महाराज गुरूसाठी देवगिरीलाच गेले होते, जनार्दन स्वामी तिथं किल्लेदार होते. जनार्दन स्वामींची समाधी किल्ल्यावर आहे, अंधारी म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता पार करून वर गेलं की पाय दुखतेत पण तिथं दोन मिनिटं बसाच. पाणी सोबत ठेवा, उन्हाळ्यात खडक लई तापतो.

प्रश्नकर्ता: आजोबा, पुढच्या रविवारी नक्की जातो, पहाटंच.