वस्तीतले फटाके : जागा आणि वेळ गावाने ठरवायची की ज्याची त्याने?

रत्नागिरीकर (चर्चाप्रस्ताव)

दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून हा विषय आत्ताच मांडते. फटाके वाजू लागल्यावर तो काढला की बोलणाऱ्याला सणाचा वैरी ठरवले जाते. फटाक्यांवर सरसकट बंदी घालावी असे माझे म्हणणे नाही. दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाखाडीवर म्हणजे पायवाटेवर, गोठ्याला आणि पेंढ्याच्या उडवीला लागून, इमारतीच्या जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये फटाके वाजवणे थांबले पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक वाडीने व प्रत्येक गृहसंकुलाने एक मोकळी जागा आणि ठरावीक वेळ आधीच ठरवून घेतली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्या कोकणात फटाक्यांचे मोठे चार प्रसंग आहेत आणि प्रत्येक वेळी धोका वेगळा असतो. गणपतीत सगळीकडे ओल असते, त्यामुळे आगीची भीती कमी. तिथे प्रश्न असतो तो विसर्जनाच्या गर्दीत पायाखाली फुटणाऱ्या माळांचा. एकतीस डिसेंबरला किनाऱ्यावर पर्यटकांची आतषबाजी होते, ती नेमकी समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामात. शिमग्यात पालखीच्या स्वागताला माळा लागतात तेव्हा सड्यावरचे (कातळाच्या माळावरचे) गवत पार वाळलेले असते. दिवाळीत भात कापून आणलेले असते किंवा कापणी चालू असते, खळ्यात पेंढा असतो, आणि या चार प्रसंगांपैकी याच दिवसांत फटाका घराच्या सर्वांत जवळ येतो.

कौलारू घराला फटाक्याने आग कशी लागते हे अनेकांनी पाहिलेले नसते, म्हणून सांगते. बाण बाटलीत उभा करून पेटवला आणि वात जळत असताना बाटली कलंडली, की तो आडवा सुटतो. छपरावर पडल्यावर तो विझलेला दिसतो; पण त्याचे जळते टोक कौलांच्या फटीत अडकले, तर खाली रिपा आणि वासे असतात, आणि माळ्यावर पेंढा, सुकी लाकडे, नारळाची सोडणे रचलेली असतात. ठिणगी तिथे बराच वेळ ज्योत न दाखवता धुमसत राहते. गेल्या दिवाळीत आमच्या वाडीत असेच झाले. बाण सोडणारी मुले केव्हाच घरी जाऊन झोपली होती. शेजारच्या आजींना जळका वास आला म्हणून माणसे उठली, कौले काढली आणि विहिरीवरून कळश्यांची रांग लावून आग विझवली. आमची पाखाडी चिऱ्यांच्या पायऱ्यांची आहे, तिथे अग्निशमन दलाचा बंब येऊच शकत नाही. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची हीच स्थिती आहे.

कायदा याबाबत मुळीच मुका नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालानेच मनाई केली आहे. २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरली, फटाक्यांच्या माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी आली, आणि उल्लंघन झाल्यास त्या भागातील पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरले जाईल असेही न्यायालयाने म्हटले. फटाका फुटतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे नियमात बसणारा बॉम्बसुद्धा बत्तीस मीटरवरच्या घरात १०७ च्या आसपास ऐकू येईल. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. क्षणिक आवाज आणि सरासरी आवाज ही वेगवेगळी मोजमापे असल्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण ज्या घरात हृदयविकाराचा रुग्ण किंवा तान्हे मूल आहे त्या घराला या दोहोंतील अंतर पुरेसे कळते.

वेंगुर्लेकर

ताई, आगीविषयी आपण जे लिहिले त्यावर वाद नाही. परंतु वेळेच्या मुद्द्यावर मला ठामपणे विरोध नोंदवायचा आहे. आमच्या सिंधुदुर्गात दिवाळी म्हणजे चावदिवस, आणि तो सुरू होतो पहाटे. अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाखाली कारीट फोडणे, फटाके, आणि मग घरोघरी जाऊन पोहे खाणे, हा सगळा क्रम सूर्योदयापूर्वीचा आहे. रात्री आठ ते दहा ही वेळ ज्यांची दिवाळी संध्याकाळी असते त्यांना सोयीची आहे. आमच्या सणाचा मुहूर्त जिथे आहे तिथे मनाई, आणि जिथे नाही तिथे परवानगी, हा न्याय गावातल्या माणसाला पटवून देणे मला तरी जमणार नाही.

दुसरी गोष्ट चाकरमान्यांची. वर्षभर आमच्या वाडीत म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे असतात. गणपतीला आणि दिवाळीला मुले-नातवंडे येतात तेव्हा गाव चार दिवस जागे होते. ज्या आजी-आजोबांच्या त्रासाची काळजी आपण करता, त्यांतले बरेच जण नातवाच्या हातात फुलबाजी देण्यासाठी वर्षभर वाट पाहतात. त्यांना या आवाजाचा जाच होतो असे गृहीत धरण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट मी रागाने नव्हे, कळकळीने लिहितो. काळ्या दगडाच्या खाणींत सुरुंग लागतात, भिंतींना तडे जातात, चिरेखाणींची यंत्रे दिवसभर घरघरतात, महामार्गाच्या कामाची धूळ वर्षानुवर्षे आम्ही खाल्ली. त्याविषयी ग्रामसभेत अर्ज देऊन माणसे थकली. जिथे पैसा आणि ताकद आहे तिथे नियम वाकतो, आणि वर्षातून चार दिवस फटाके उडवणाऱ्या मुलांपुढे मात्र तो ताठ उभा राहतो, हे आम्हाला सलते.

कुडाळचा हंगामी विक्रेता

मी दरवर्षी तात्पुरता परवाना काढून स्टॉल लावतो, त्यामुळे माझे मत हितसंबंधी समजावे, पण ऐकून घ्यावे. स्फोटक नियम, २००८ नुसार आमच्या दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर लागते, स्टॉल समोरासमोर उभे करता येत नाहीत, शेड न जळणाऱ्या साहित्याची असावी लागते, आत उघड्या ज्योतीचा दिवा चालत नाही. हे सगळे पाळून, उसनवारी करून शिवकाशीचा माल आणायचा, आणि पाऊस लांबला तर तो अंगावर घ्यायचा, असा हा धंदा आहे. विक्रीवर एवढी बंधने असताना, घेऊन जाणारा तो माल कुठे आणि कसा पेटवतो यावर प्रत्यक्षात कोणाचीच नजर नसते. खोक्यावर सूचना छापलेल्या असतात. त्या वाचणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते.

‘हरित’ फटाक्यांविषयीही एक गैरसमज दूर करतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांतून धूलिकण सुमारे ३० टक्के कमी निघतात. याचा अर्थ ठिणगी कमी उडते असा नाही. पेंढ्याशेजारी हरित बाणही तेवढाच घातक आहे, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

एका ठरावीक मोकळ्या जागेची सूचना मात्र मला अव्यवहार्य वाटते. लहान मूल फुलबाजी, भुईचक्र, भुईनळा हे आपल्या दारातच लावणार. त्यासाठी अंधारातून अर्धा किलोमीटर चालत कोणीही जाणार नाही.

देवगड बागायतदार

थोडक्यात लिहितो. आंब्याच्या बागेत डिसेंबर-जानेवारीत मोहोर असतो आणि खाली गवत सुकत आलेले असते. सड्यावर कुठेही पडलेली ठिणगी वाऱ्याबरोबर बागेत येते, आणि एकदा वणवा शिरला की पंधरा-वीस वर्षांची कलमे एका दुपारी होरपळतात. त्यांची भरपाई एका हंगामात होत नाही. त्यामुळे नववर्षाच्या आणि शिमग्याच्या आतषबाजीला बागांपासून दूर जागा ठरवून द्यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र वानर-माकडांना आणि रानडुकरांना हाकलण्यासाठी आम्हाला सुतळी बॉम्ब वापरावे लागतात. तो आमचा हौसेचा खर्च नाही. ठराव करताना ही गोष्ट सणाच्या फटाक्यांत मिसळू नये.

चिपळूणची परिचारिका

मला धागाकर्तीचा, म्हणजे चर्चा सुरू करणाऱ्या रत्नागिरीकर ताईंचा, मध्यम मार्गही अपुरा वाटतो. वस्तीत फटाके पूर्णपणे बंदच व्हावेत, फुलबाजीसह. विक्रेते दादांनी फुलबाजीचे नाव लहान मुलांच्या यादीत घातले, पण तिच्या जळत्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि विझलेली तार बराच वेळ भाजण्याइतकी गरम राहते. अनवाणी पायाखाली आलेली ती तार, सिंथेटिक झग्याच्या घेरात शिरलेली ठिणगी आणि न फुटलेला बॉम्ब वाकून बघणाऱ्या मुलाचा चेहरा या जखमा मी दर दिवाळीत बांधते. डोळ्याला इजा झालेल्यांत फटाका पेटवणारे असतात तसे नुसते बघत उभे असणारेही असतात, आणि ज्याने काहीच पेटवले नाही त्याची दृष्टी का जावी, याचे उत्तर मला कोणत्याही परंपरेत सापडलेले नाही.

भाजलेल्या जागेवर शाई, टूथपेस्ट, हळद लावून माणसे येतात आणि ती आधी काढण्यात आमचा वेळ जातो. भाजल्याबरोबर साधे गार पाणी वीस मिनिटे ओतत राहावे. बर्फ लावू नये. डोळ्यात काही गेले असेल तर चोळू नये आणि थेट दवाखाना गाठावा. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र आहे, तिथे फटाक्यांना दिवसाही मनाई आहे, आणि तरीही आमच्या फाटकासमोर वरातीच्या माळा लागतात.

रत्नागिरीकर (धागाकर्ती)

परिचारिका ताई, आपण रोज जे पाहता त्यापुढे माझा युक्तिवाद फिका आहे; तरीही संपूर्ण बंदीच्या बाजूने मी उभी राहत नाही. जी बंदी कोणीच पाळत नाही तिच्या आडोशाने चोरटा, बिनपरवाना, कसल्याही दारूचा माल विकला जातो, आणि भाजणारी मुले तीच असतात. दहा माणसे पाळतील असा छोटा नियम मला अधिक मोलाचा वाटतो. फुलबाजी दारात लावावी, पण मोठ्या माणसाच्या देखत, पायात चप्पल, अंगावर सुती कपडे आणि बाजूला जळक्या तारा टाकायला पाण्याची बादली ठेवून. बाण, बॉम्ब आणि आकाशात फुटणारे प्रकार मात्र ठरलेल्या जागीच. विक्रेते दादांची अडचण एवढ्याने सुटावी. बागायतदार काकांनी केलेला भेदही रास्त आहे, तो ठरावात यायलाच हवा.

वेंगुर्लेकर दादा, पहाटेविषयी आपले म्हणणे मला पटते, आणि त्याला वाट आहे. २०१८ मध्ये तमिळनाडूने हीच तक्रार केली होती, कारण तिथेही दिवाळी पहाटेची. न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी वेळ बदलण्याची मुभा दिली, फक्त एकूण दोन तासांची मर्यादा ठेवली. तमिळनाडूने सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८ अशी विभागणी केली. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो. सहाला फटाके सुरू केले तरी चावदिवस सूर्योदयापूर्वीच साजरा होतो. ही मागणी सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींनी जिल्हा प्रशासनामार्फत शासनाकडे करावी, मी त्यावर सही करीन.

खाणींचा मुद्दा खरा आहे आणि तो वेगळ्या धाग्यात सविस्तर यावा. पण खाणमालक ऐकत नाही, म्हणून शेजारच्या आजींच्या माळ्यावर बाण पडलेला चालेल, असे आपल्यालाही म्हणायचे नसणार.

वेंगुर्लेकर

तसे म्हणायचे नाही. बाणांच्या बाबतीत मी मागे हटतो. कौलारू वस्तीत बाण नकोच. पहाटे सहाच्या मागणीला माझाही होकार आहे. पण पहाटेचा फटाका माझ्याच खळ्यात (अंगणात) वाजेल, मैदानात नाही, कारण तो तुळशीपुढचा आहे. त्या वेळी पेंढा आणि गुरे मागच्या बाजूला हलवण्याची जबाबदारी माझी. आणि एक प्रश्न उरतोच. ठराव झाला, फलक लागला, तरी रात्री साडेअकराला एखाद्या वजनदार माणसाच्या वाढदिवसाला चौकात बॉम्ब लागले, तर त्याला अडवायला कोण जाणार? वाडीतला माणूस जाणार नाही. त्याला त्याच गावात राहायचे असते.

रत्नागिरीकर (धागाकर्ती)

एकट्याने जाऊच नये. २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या आहेत. फटाक्यांचा ठराव त्या समितीच्या नावाने करावा, म्हणजे सांगणारी व्यक्ती एक राहत नाही. प्रसंग घडत असताना ११२ या क्रमांकावर कळवावे. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे वाक्य फलकावर ठळक लिहावे. आपल्या खळ्यातल्या पहाटेच्या फटाक्याला माझी हरकत नाही, फक्त शेजारच्या घरात आजारी माणूस असेल तर आदल्या संध्याकाळी त्यांना विचारून घ्यावे. आमच्या वाडीची बैठक येत्या रविवारी आहे. शाळेमागचे कातळाचे पटांगण, जिथे गवत नाही आणि छप्पर जवळ नाही, ते बाण व बॉम्बसाठी सुचवणार आहे. तिथे दोन पिंपे पाणी, वाळूची घमेली आणि रात्री दहाला जागा बंद करणारी दोन माणसे लागतील. त्या दोघांची नावे अजून ठरलेली नाहीत, बाकी तयारी झाली आहे.