म्हापशाची जुनी बुलेट सावंतवाडीत आणताना
दादा, म्हापशात घेतलेली जुनी बुलेट सावंतवाडीत वर्षभर 'जीए' नंबरवर चालवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. पण तुम्ही राहणार इथेच, मग वाट कशाला बघायची?

आधी गोव्यातून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म 28) काढा, आणि तीही मूळ मालक सोबत असतानाच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं. मी इथेच फसलो. हप्ते फिटले होते, पण आरसी बुकावरची (गाडीच्या नोंदणी पुस्तकावरची) बँकेची नोंद कोणी काढलीच नव्हती. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून चार खेपा झाल्या, तेही भर पावसात. म्हणून कळकळीने सांगतो, पूर्ण पैसे देण्याआधी आरसी नीट वाचा.

मग फॉर्म 27 (नव्या नंबरसाठी), फॉर्म 29 आणि 30 (गाडी नावावर करण्यासाठी), चासी प्रिंट (गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबरचा ठसा), विमा घेऊन आपल्या आरटीओत जायचं. महाराष्ट्राचा कर इंजिनच्या सीसीवर आणि गाडीच्या वयावर ठरतो, जुनी गाडी असेल तर कमी. तो भरून आपल्या सिंधुदुर्गाचा 'एमएच 07' नंबर मिळाला की गोव्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडे अर्ज करा. बरेच जण हे पैसे सोडून देतात, ते मला पटत नाही.

विमाही 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.