चर्चा : मधुमेहामुळे आलेले पुरुष-वंध्यत्व रानातल्या औषधांनी बरे होईल का?

वेंगुर्लेकर : माझ्या चुलतभावाला ऐन तिशीत मधुमेह निघाला. लग्नाला चार वर्षे झाली तरी मूल नाही, आणि त्यातली दोन वर्षे तपासण्या फक्त वहिनीच्या झाल्या. त्याची वीर्यतपासणी अखेर यंदा शिमग्यानंतर झाली, तेव्हा शुक्रजंतूंची हालचाल मंद असल्याचे कळले. आता तो बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पितो; सकाळी ते चहाच्या रंगाचे होते आणि उन्हात धरले की कडेला निळसर झाक मारते. जोडीला सप्तरंगी या वेलीच्या मुळाचा काढा आणि दुधातून खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण असते. साखर वाढली की शरीरात मुक्त मूलके, म्हणजे पेशींवर मारा करणारे अस्थिर रेणू, वाढून शुक्रजंतूंच्या आवरणाला आणि डीएनएला इजा होते. मेथी, अश्वगंधा यांसारख्या वनस्पती हा मारा रोखतात, असे मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. मग डॉक्टरांनी हे उपचार स्वतःहून का सुचवू नयेत?

सूक्ष्मदर्शी : मी रत्नागिरीत तपासणीचे काम करतो आणि या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या उंदरांना बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून, थोड्याच दिवसांत मधुमेही केलेले असते. माणसाचा मधुमेह मात्र बहुतेकदा वर्षानुवर्षे, वाढत्या वजनासोबत मुरत गेलेला असतो. अश्वगंधेची माणसांवरची २०१३ची चाचणी अवघ्या ४६ पुरुषांची होती आणि त्यांची निवड शुक्रजंतू कमी असल्यामुळे झाली होती, मधुमेहामुळे नव्हे. बिवळ्यावर १९९८मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी साखरेपुरती होती आणि तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय 'कडू ते मधुमेहाला चांगले' म्हणून अनेक जण कडुलिंबाचा रस पितात, पण नर उंदरांवरच्या प्रयोगांत कडुलिंबाने प्रजननक्षमता घटलेली आढळली आहे. मूल हवे असलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

आणखी एक. मधुमेहाने नसा बिघडल्या की वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. लघवीच्या तपासणीत हे कळते आणि त्यातून शुक्रजंतू मिळवताही येतात. तिथे काढा पिऊन नुसता वेळ जातो.

रानवाट : तपासणी आधी व्हावी, हे मान्य. पण 'पुरावा नाही' आणि 'गुण नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या औषधाचे मूळ गॅलेगा या युरोपीय वनस्पतीत आहे. तो रेणू १९२२ साली बनला, पण मधुमेहावर त्याचा उपयोग फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी १९५७ साली मांडला. मधली पस्तीस वर्षे त्यात गुण नव्हता का? सप्तरंगीतील सॅलॅसिनॉल पिष्टमय पदार्थांचे पचन मंदावते, म्हणजे आमच्या आज्यांचा अनुभव अगदीच पोकळ नव्हता. माझी तक्रार चाचण्या न करणाऱ्यांविषयी आहे. मुळासाठी वेल उपटली जाते आणि आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ती आता शोधावी लागते. चाचणी होईपर्यंत ती उरली पाहिजे.

वेंगुर्लेकर : एक गोष्ट सांगायची राहिली होती. गेल्या महिन्यात कलमांच्या बागेत काम करताना भावाला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. साखर ५८वर आली होती. गोळी आणि काढा एकाच वेळी चालू होते आणि डॉक्टरांना काढ्याची कल्पना नव्हती.

सूक्ष्मदर्शी : काढा आजच थांबवा, गोळी मनाने बदलू नका आणि डॉक्टरांना सगळे सांगा. चूर्ण बिनलेबलचे असेल तर तेही दाखवा, कारण अशा चूर्णांत साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची पूड मिसळलेली सापडली आहे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून साखर आटोक्यात आल्यावर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी पुन्हा करा.

रानवाट : एवढ्यापुरते मी सहमत आहे. पुढच्या खेपेला त्याच्यासोबत तुम्हीही जा, आणि तो पेलाही घेऊन जा.